पैठणचा माल आणि भरूचची उथळ खाडी

पैठणपासून समुद्र कोसो दूर. तरी इसवी सनाच्या पहिल्या शतकात पैठणचा माल परदेशी जहाजांत चढत असे, आणि तो सुखरूप जाणे-न जाणे एका उथळ खाडीवर अवलंबून असे. ती खाडी खंभातची, बंदर भरूचचे. 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक व्यापारी पुस्तकात याची तपशीलवार माहिती आहे. भरूचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे तेर. पैठणहून सुलेमानी दगड जाई, तेरहून साधे कापड व मलमल. आम्ही कापडवाले, पण खरे ते सांगितले पाहिजे. कापड त्या पुस्तकात तेरच्या नावावर आहे.

माल गाड्यांतून भरूचला येई. न्यायला येणाऱ्या शिडाच्या जहाजाची परीक्षा मात्र खाडीच्या तोंडाशीच होई. उजव्या हाताला लांबलचक खडकाळ उथळा. डाव्या बाजूची वाट त्यातल्या त्यात बरी, पण तेथील भूशिराजवळ नांगर टाकावा तर तळाच्या खडकांवर दोर कापला जाई. नर्मदेचे मुख शोधणे त्याहून कठीण, कारण किनारा इतका सखल की अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही.

म्हणून राजाच्या चाकरीतले कोळी मोठ्या होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत पुढे जात आणि जहाजाला वाट दाखवीत आणीत. भरती सुरू होताच ते जहाज ओढून वर नेत, ओहोटी लागली की नदीतल्या ठराविक खोल डोहात नांगर टाकून थांबत. पुढची भरती आली की पुन्हा ओढ. अशी मजल-दरमजल पन्नासेक किलोमीटर. आमच्या मते राजाने ही सोय केवळ सवाबासाठी केली नसावी. जहाज बुडाले की जकातही बुडते!

वाटाड्याविना शिरणाऱ्या नवख्याचे काय होई? भरतीचा लोंढा असा की नांगर धरत नाही. जहाज आडवे फिरून उथळ्यावर आपटते. ओहोटीत कोरड्यावर राहिलेले जहाज कुशीवर कलंडते, आणि टेकू दिलेले नसतील तर पुढच्या भरतीत पाणी भरून जाते. अमावास्येच्या रात्री धोका सर्वांत जास्त.

हे गणित आपल्या वाचकांना सोपे आहे. चंद्र-सूर्य एका रेषेत आले की उधाण येते, पण एक-दोन दिवस उशिरा. म्हणजे हिजरी महिन्याची पहिली-दुसरी आणि पंधरावी-सोळावी तारीख जोराची. आठवी-नववी व बावीस-तेवीस या तारखा भांगाच्या, नरम. कच्छचे खलाशी वाट काढणाऱ्याला 'मालम' म्हणतात. हा आपला 'मुअल्लिम'च.

खाडीचा स्वभाव आजही तोच आहे. ओहोटीत जहाजे तरंगती राहावीत म्हणून भावनगर बंदराला पाणी अडवणारे दार बांधावे लागले. अलंगच्या भंगारवाल्यांना मात्र हेच पाणी फायद्याचे. तोडायची जहाजे ते उधाणाची तारीख साधून मुद्दाम किनाऱ्यावर चढवतात.