घाईत घडलेले काडतूस

युरोपातल्या बाद काडतुसांचा इतिहास चाळताना वाटते, की वाईट गेले आणि चांगले आले, इतकीच ती गोष्ट आहे. फ्रान्सच्या ग्रा रायफलीचे ११ मिलिमीटरचे काडतूस या समजाला छेद देते. ते १८७४ साली आले आणि बारा वर्षांतच मागे पडले, पण त्यात खोट निघाली म्हणून नव्हे. पितळी कवच भक्कम होते, २५ ग्रॅमची शिशाची गोळी लांबवर नेमकी जात होती. त्याला घालवले रसायनशास्त्राने. १८८४ साली फ्रेंच रसायनतज्ज्ञ पॉल व्हिएय यांनी नायट्रोसेल्युलोजपासून जवळजवळ धूर न करणारी दारू तयार केली. काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता धूर आणि काजळी होऊन उरे. नळी घाण होई आणि सैनिक कुठे दडला आहे तेही शत्रूला कळे. नव्या दारूने हलक्या गोळीला सेकंदाला साडेचारशेऐवजी सहाशे मीटरहून अधिक वेग दिला, आणि ग्राची जाड गोळी एकाएकी नुसते ओझे ठरली.

यावर कोणी म्हणेल, खरी क्रांती मॅगझिनची होती, दारूची नव्हे. पण जर्मनीने १८८४ साली आपल्या ११ मिलिमीटर माउझरला आठ काडतुसांचे नळीवजा मॅगझिन बसवलेच होते. चार वर्षांत ती रायफल मागे टाकून जर्मनीला नवी दारू आणि ७.९२ मिलिमीटरचे नवे काडतूस घ्यावे लागले. मॅगझिन हाताशी असूनही जुने काडतूस वाचले नाही.

फ्रान्सने मात्र या नव्या दारूचा लाभ फार घाईने घेतला. जानेवारी १८८६ मध्ये युद्धमंत्री झालेल्या जनरल बुलांजे यांना रायफल तातडीने हवी होती. वेळ वाचावा म्हणून ग्राच्याच कवचाचे तोंड आवळून ८ मिलिमीटरचे केले गेले. लेबेल या नव्या रायफलीचे काडतूस जन्मले ते असे: बूड रुंद, कड मोठी, अंग दोन टप्प्यांत निमुळते. लेबेल रायफलीत काडतुसे नळीत एकामागे एक आडवी राहत, म्हणून हा आकार तिथे खपून गेला. मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या दारू पेटवणाऱ्या टोपीवर आदळू नये, यासाठी बुडाला गोल खाचही होती. पण अनेक स्वयंचलित शस्त्रांत काडतुसे एकावर एक रचावी लागतात, आणि लेबेलची रास सरळ राहीना, वाकू लागली. पहिल्या महायुद्धातल्या शोशा या हलक्या मशीनगनचे अर्धचंद्राकृती मॅगझिन याच वाकणातून आले. लेबेल काडतुसाची जागा घेणारे ७.५ मिलिमीटरचे काडतूस १९२४ साली निघाले, १९२९ मध्ये सुधारले गेले, तरी १९४० च्या लढाईत अनेक फ्रेंच सैनिकांच्या हाती लेबेल काडतुसाच्याच रायफली होत्या. पहिला येण्याचा मान फ्रान्सला इतका महाग पडला.

दोष कडेवरच ढकलावा, तर रशियाचे १८९१ चे ७.६२ मिलिमीटर काडतूसही कडेचेच आहे, आणि मशीनगनमधून ते आजही झाडले जाते. त्याचे अंग लेबेलइतके निमुळते नाही, हा मोठा फरक. जुन्या कवचाला नव्या कामाला जुंपताना त्याचा आकारही वारशाने गळ्यात पडतो, हे लेबेलच्या बाबतीत घडले.

काही काडतुसे स्वतःच्याच उणिवेने गेली, हे मान्य करायला हवे. लफोशो रिव्हॉल्वरच्या काडतुसाला बाजूने पिन बाहेर आलेली असे. फ्रेंच नौदलाने १८५८ साली ते स्वीकारले खरे, पण पिनेवर चुकून आघात झाला तरी ते उडू शकत होते. बुडाच्या मध्यावर टोपी असलेली काडतुसे आल्यावर ते टिकणे शक्यच नव्हते.

तरीही एखाद्या काडतुसाचे भवितव्य सरकारी हुकुमानेही ठरू शकते, आणि त्याचा ठळक दाखला भारताचा आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटिश सरकारने भारतात आणि सुदानमध्ये .४५० इंच व्यासाच्या शिकारी रायफलींवर बंदी घातली. बंडखोरांच्या हाती असलेल्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींना त्या व्यासाच्या गोळ्या मिळतील, ही भीती त्यामागे होती. काडतुसाच्या गुणदोषांचा तिथे प्रश्नच नव्हता. इंग्लंडच्या बंदूककारांनी मग .४६५, .४७० अशी जवळची मापे काढली. बंदी पुढे उठली, पण तोवर .४७० चा जम बसला होता आणि .४५० ला गेलेली जागा परत मिळाली नाही.