घरची बोली, शाळेची भाषा

पोराला दोन भाषा शिकवल्या तर त्याचा गोंधळ होईल, असं आपण पुष्कळदा म्हणतो. खरंच तसं होतं का?

अजित मोहंती यांनी हे तपासून पाहिले. ते मानसशास्त्राचे, म्हणजे मनाच्या शास्त्राचे प्राध्यापक. कॅनडात शिकून आले. ओडिशात उत्कल विद्यापीठात आणि मग दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात त्यांनी शिकवले.

ओडिशात कंध नावाचे आदिवासी राहतात. त्यांची बोली कुई. काही भागांत कंध मुले कुई आणि ओडिया दोन्ही बोलत. काही भागांत कुई विसरली गेली, नुसती ओडिया उरली. जमात एकच, चालीरीती एकच. फरक भाषेचा.

मोहंतींनी दोन्हीकडच्या मुलांची बुद्धी पारखली. काय दिसले? दोन भाषांची मुले पुढे होती! हे काम त्यांनी १९९४ साली पुस्तकात मांडले. पुढे ओडिशा सरकारने दहा आदिवासी बोलींत मुलांना शिकवायला सुरुवात केली.

तेव्हा पोराशी घरची बोली बोलायला आपण लाजू नये. शाळेची भाषा त्याने शिकावीच. पण पायाचा दगड काढून भिंत उभी राहते का?