परिशिष्टातला गणपती

एम.ए.च्या मुलांना मी निवृत्त होईपर्यंत पाठचिकित्सा शिकवली. धुळ्यात या विषयासाठी फार लांब जावं लागत नाही. इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी याच गावात वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथं आहे, आणि शंकरराव देवांनी मठामठांतून जमवलेली रामदासी बाडं समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. एकाच ग्रंथाच्या दोन प्रती समोर ठेवायच्या आणि सांगायचं, शब्दाला शब्द लावून बघा. थोड्याच वेळात कुणीतरी ओरडतंच, ‘सर, हिच्यात ओवी जास्तीची शे!’

नेमकं हेच काम ख्रिस्ती लोकांच्या नव्या करारावर गेली काही शतकं चाललं आहे, हे मात्र आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. नवा करार म्हणजे 27 लहानमोठी लिखाणं, सगळी ग्रीक भाषेतली. लेखकाच्या हातची एकही प्रत उरलेली नाही. उरल्या त्या नकला, नकलांच्या नकला; ग्रीकमधल्याच पाच हजारांवर. 1707 साली ऑक्सफर्डच्या जॉन मिलनं तीस वर्षं खपून शंभरेक हस्तलिखितं ताडली आणि सुमारे तीस हजार पाठभेद छापले. आता धर्म बुडाला, अशी ओरड झाली. धर्म काही बुडाला नाही. त्यातले बहुतेक भेद अक्षरांचे, शब्द मागेपुढे होण्याचे. आपल्या पोथ्यांतल्या ऱ्हस्वदीर्घांहून त्यांचं मोल जास्त नाही.

पण काही भेद असे असतात की माणूस पान उलटायचं विसरतो. मार्कच्या शुभवर्तमानाचा आरंभच घ्या. मार्क सांगतो की पुढचं वचन यशया संदेष्ट्याचं आहे. त्या वचनाचा पहिला तुकडा यशयाचा नाहीच, तो मुख्यतः मलाखीचा. जुन्या प्रतींत यशयाचं नाव आहे. नंतरच्या पुष्कळ प्रतींत नुसतं ‘संदेष्टे’ असं मोघम. मूळचं कुठलं? नक्कल करणारा शहाणा असला की चूक दिसताच दुरुस्त करतो. धड असलेलं मुद्दाम बिघडवायला तो कशाला जाईल? म्हणून जो पाठ अडचणीचा, तो बहुधा जुना. बेंगेल या जर्मन धर्मपंडितानं अठराव्या शतकात हा नियम मांडला. दासबोधाच्या पोथीलाही तो तसाच लागू पडतो.

नवापूरकडचा, ख्रिस्ती घरातला एक विद्यार्थी एकदा तास संपल्यावर थांबला. त्याच्याजवळच्या इंग्रजी बायबलात मार्कच्या शेवटच्या बारा वचनांना कंस होता. का? मी सांगितलं, सायनायटिकस आणि व्हॅटिकॅनस ही चौथ्या शतकातली दोन हस्तलिखितं. दोन्हींत मार्क सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशीच थांबतो. कबर रिकामी, बाया घाबरून पळाल्या, कुणाला काही बोलल्या नाहीत. संपलं. पुन्हा उठलेल्या येशूची दर्शनं त्या पुढच्या बारा वचनांत. योहानाच्या शुभवर्तमानात व्यभिचारासाठी धरून आणलेल्या बाईची गोष्ट आहे. निष्पाप असेल त्यानं पहिला दगड मारावा, ती. तीही सर्वांत जुन्या प्रतींत नाही, आणि काही प्रतींत तर योहानाचं बिऱ्हाड सोडून लूककडे राहायला गेलेली आढळते.

पोरगं हिरमुसलं. ‘मग ती गोष्ट खोटी का, सर?’ मी त्याला गणपतीची हकीकत सांगितली. व्यास सांगताहेत आणि गणपती लिहून घेतोय, हे चित्र कॅलेंडरवरसुद्धा असतं. पुण्याच्या भांडारकर संस्थेत विष्णु सीताराम सुखटणकरांनी आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, 1933 साली ती पुरी झाली, आणि गणपती परिशिष्टात गेला. पोथ्यांची साक्ष पुरेशी नव्हती, दुसरं काही कारण नाही. गोष्ट घडली की नाही, हे पोथी सांगत नाही. मूळ पुस्तकात ती होती का, एवढंच सांगते. सुखटणकर बर्लिनला शिकलेले. प्रतींची वंशावळ लावण्याच्या ज्या पद्धतीला कार्ल लाखमानचं नाव चिकटलं, ती ते पुरती जाणून होते; महाभारताला ती जशीच्या तशी बसत नाही, हेही त्यांनी दाखवून दिलं. याच लाखमाननं 1831 साली रूढ छापील पाठ बाजूला ठेवून जुन्या साक्षींवरून नवा करार छापला होता.

पाठ ठरला की पुढचा प्रश्न: लिहिलं कुणी, कधी, कशावरून? येशूला क्रुसावर दिलं ते इ.स. 30च्या सुमारास, मार्क लिहिला गेला साधारण सत्तरच्या आसपास, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मत्तय आणि लूक यांनी मार्क समोर ठेवून लिहिलं, हेही बहुतेकांना मान्य आहे. पौलाच्या नावावर 13 पत्रं, त्यांतल्या सातांबद्दल जवळजवळ एकमत, उरलेल्यांबद्दल वाद. ज्याला ‘नामा’ या मुद्रेचे सगळे अभंग एकट्या नामदेवांचे नाहीत हे माहीत आहे, त्यानं यात दचकू नये.

भडगाव तालुक्यातल्या कनाशीला दर्शनाला जाणाऱ्या महानुभावांना तर हे सगळं घरचंच वाटावं. चक्रधरांच्या आठवणी म्हाइंभटांनी लोकांना भेटून, विचारून गोळा केल्या. तेराव्या शतकातच ‘लीळाचरित्र’ उभं राहिलं. मूळ पोथी धामधुमीत गेली, स्मरणातून पुन्हा लिहावी लागली, आणि म्हणून आज तिचे वेगवेगळे पाठ आहेत. शुभवर्तमानांचा अभ्यास मराठी माणसाला समजावून सांगायला याहून जवळचं उदाहरण मला माहीत नाही.

मोबाइलवर निरोप फिरतात: बायबलात फेरफार झाले, हा घ्या पुरावा. पाठवणारा तोच माणूस ज्ञानेश्वरीत प्रक्षिप्त ओव्या शिरल्या होत्या म्हटलं की हमरीतुमरीवर येतो. पाठ बिघडले नव्हते तर एकनाथांनी शके 1506मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध कशाला केली? यात कुणी ओवी घालू नये, अशी ताकीदही त्यांनी दिली. नव्या कराराच्या अखेरच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या शेवटी, भर घालणाऱ्याला आणि गाळणाऱ्याला अशीच ताकीद आहे. घालणारे होते, म्हणूनच ती द्यावी लागली. आपल्या पोथीला एक माप आणि दुसऱ्याच्या पोथीला दुसरं, याला अभ्यास म्हणत नाहीत.

सायनायटिकसची पानं 2009पासून इंटरनेटवर फुकट पाहता येतात. नंतरच्या हातांनी केलेल्या दुरुस्त्यासुद्धा दिसतात. ती अवश्य पाहा. आणि तुमच्या माळ्यावर आजोबा-पणजोबांचं एखादं बाड पडलं असेल, तर पुण्य लागेल म्हणून ते तापीत सोडू नका. आधी एखाद्या जाणत्याला दाखवा.