बोटावरचा आकडा आणि छातीतला श्वास

सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेबरोबर ऑक्सिमीटर मराठवाड्यातील घरांच्या उंबरठ्यापर्यंत आला. बोटावरचा आकडा वाचावयास आपण शिकलो; त्याचा अर्थ लावावयास मात्र पुरते शिकलो नाही.

विषाणूने फुप्फुसे ग्रासली तरी रुग्ण कित्येकदा स्वस्थपणे बोलत असतो. करोनाच्या साथीत याचा प्रत्यय आला. म्हणून एकट्या आकड्यावर विसंबून चालत नाही. निरोगी प्रौढ माणूस विश्रांतीत मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. एप्रिल २०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार २४ किंवा त्याहून अधिक श्वास किंवा ९० ते ९३ टक्के प्राणवायू असल्यास आजार मध्यम, तर ३० पेक्षा अधिक श्वास किंवा ९० हून कमी प्राणवायू असल्यास तो गंभीर समजावयाचा होता. शिवाय साध्या हवेवरचे ९४ आणि नळीने प्राणवायू देऊन मिळविलेले ९४ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. बाहेरून किती दिला आणि रक्तात किती उतरला, या गुणोत्तरावरूनच फुप्फुसांची खरी अवस्था कळते.

किनवटहून नांदेड शंभरावर किलोमीटर दूर. देवणीकडील खेड्यांनाही लातूर जवळचे नाही. निदानातला उशीर तेथे प्रवासातल्या उशिरात मिळतो आणि रुग्ण दगावतो. श्वास मोजावयास यंत्र लागत नाही. सेकंदकाट्याचे घड्याळ पुरते. एवढा धडा प्रत्येक शाळेत का शिकविला जाऊ नये?