फ्लेक्सवरचे महाराज आणि गोवळकोंड्याचे महाराज

सुरतच्या डिंडोलीत आपली मराठी, खानदेशी वस्ती मोठी; शिवजयंतीला फ्लेक्सवर महाराज हवेतच. डोक्यामागे भगवा सूर्य, पीळदार दंड, कपाळावर आठी. ही अलीकडची कल्पना. समकालीन चित्रकारांनी महाराज वेगळे दाखवलेत.

1680च्या दशकात गोवळकोंड्याच्या चित्रकारांनी काढलेली लघुचित्रं आज ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. बाजूने दिसणारा चेहरा, बाकदार नाक, टोकदार दाढी. नजर शांत. मला तरी हेच जास्त भारदस्त वाटतं! इटालियन प्रवासी मनुचीसाठी मीर मुहम्मदने काढलेले घोड्यावरचे महाराज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत.

फ्लेक्सवरच्या त्या भगव्या सूर्याचा, म्हणजे तेजोवलयाचा, प्रवासही गमतीदार. युरोपी धर्मचित्रांतल्या संतांचं वलय जहांगीरच्या चित्रकारांनी थेट बादशहाच्या डोक्यामागे लावलं. देवत्व आणि सत्ता दाखवायची खूण एकच!

महाराजांनी 1664 आणि 1670 मध्ये सुरत लुटली, तेव्हा इथे डचांची वखार होती. पुढे व्हॅलेंटाइन या डच लेखकाच्या 1724-26च्या ग्रंथात महाराजांचं चित्र छापलं गेलं. इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी 1933 मध्ये हेच चित्र अस्सल म्हणून लोकांपुढे आणलं.

मंडळवाल्यांनो, ही चित्रं संग्रहालयांच्या वेबसाइटवर पाहता येतात. यंदा एक तरी फ्लेक्स त्यावरून करा.