शंभर डाव आणि एक डाव

बुद्धिबळाच्या स्पर्धेत जोड्या लागल्या की लोक आधी दोघांचे मानांकन पाहतात आणि निकाल सांगून मोकळे होतात. हंगेरीत जन्मलेले अमेरिकी प्राध्यापक अर्पाड एलो यांनी बसवलेली ही पद्धत जागतिक संघटनेने १९७० साली स्वीकारली. दोघांत २०० गुणांचा फरक असेल, तर वरचढ खेळाडूने शंभर डावांत सुमारे ७६ गुण मिळवावेत, असे तिचे गणित. उरलेले २४ दुबळ्याचे! मानांकन शंभर डावांचा अंदाज देते. आज पटावर मांडलेल्या एका डावाची हमी देत नाही.

मानांकन नव्हते तेव्हाचा एक डाव मला यासाठी आठवतो. सन १९३०-३१, इंग्लंडमधले हेस्टिंग्ज. एकीकडे क्यूबाचा कापाब्लांका, १९२१ ते १९२७ या काळातला जगज्जेता. दुसरीकडे पंजाबचा मीर सुलतान खान. सर उमर हयात खान यांच्या पदरी असलेला हा माणूस १९२९ साली त्यांच्यासोबत विलायतेला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून बसला. आपल्या देशी खेळात प्यादे पहिल्या खेपेलाही एकच घर चालते. सुलतान त्या खेळात मुरलेला. युरोपी पुस्तकी विद्या त्याच्याकडे बेताचीच. कापाब्लांकापुढे त्याचा निभाव कसा लागावा?

सुलतानकडे पांढरी मोहरी होती. कापाब्लांकाने दोन हत्ती देऊन त्याचा वजीर घेतला. वजीर बलाढ्य खरा, पण त्याला मारायला कच्चे लक्ष्य लागते. सुलतानची प्यादी एकमेकांना धरून उभी होती. त्याचे दोन्ही हत्ती मोकळ्या पट्टीवर एकामागे एक आले. एका घरावर दोघांचा जोर पडला, की एकट्या वजिराची राखण अपुरी पडते. ६५ चालींत सुलतान जिंकला.

मोठ्या नावापुढे बसलेला खेळाडू बहुधा दोन प्रकारे हरतो. भिऊन बरोबरीसाठी धडपडतो, नाहीतर उतावीळ हल्ला करतो. सुलतानने दोन्ही टाळले.

शह आणि मात हे शब्द फारसीतून मराठीत आले, ते कुणाच्या दरबारातून आले हे आज कुणी विचारत नाही. सुलतानला मात्र मानद ग्रँडमास्टर हा किताब मिळाला २०२४ साली, १९६६ मध्ये तो गेल्यानंतर ५८ वर्षांनी.