उकिरड्याचे भाडेकरू

उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते म्हणतात. इंदुरात ती तीन महिन्यांत फेडायची रीत बसली, त्याला आता शतक होत आलं. जगभरच्या शेतीच्या पुस्तकांत तिचं नाव 'इंदूर पद्धत' असं आहे. खुद्द इंदुरात हे नाव घेतलं, तर बहुतेकांना ती पोहे वाफवायची पद्धत वाटते.

इंदूरजवळ सांवेरकडे माझ्या मामेभावाची शेती आहे. सोयाबीन, गहू, लसूण, थोडा बटाटा; गोठ्यात दोन म्हशी आणि एक गाय. दिवाळी उरकली की वहिनी गोठ्यामागे निंबाच्या सावलीत खताचा ढीग लावतात. शेजारीच सरकारी अनुदानातून बांधलेली नाडेपची टाकी आहे, विटांची, हवेसाठी भोकं ठेवलेली. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांड्यांची ही रीत मध्य प्रदेशात गावोगाव पोचली. या टाकीत सध्या जळण भरलेलं आहे. "टाकीत हात घालता येत नाही, ताई. ढिगात घालता येतो," असं वहिनींचं म्हणणं. त्या हात घालून काय पाहतात, ते बघायला मी हिवाळाभर जमेल तेव्हा तिथे जाऊन बसत होते.

सुरुवात रस्त्यावर होते. तुराट्या आणि मक्याची धाटं वहिनी वाटेवर पसरून ठेवतात, म्हणजे येता-जाता ट्रॅक्टरच्या चाकांखाली ती चिरडतात. अख्खी काडी बाहेरून गुळगुळीत असते, बुरशीला आत शिरायला जागा मिळत नाही. ठेचली की दारं उघडतात. मग थर: खाली ठेचलेली धाटं, त्यावर सोयाबीनचं भूस आणि पालापाचोळा, थोडं हिरवं गाजरगवत (फुलायच्या आधी उपटलेलं), मग शेणाचा काला, गोठ्यातली गोमूत्र मुरलेली माती आणि चुलीतली राख. पाणी शिंपडायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. ढीग कमरेच्या वर गेला की थांबायचं. त्यावर कोणी पाय द्यायचा नाही, दाबलं की हवा गेली. शेवटी पहारीने वरून खालपर्यंत भोकं पाडायची.

या सगळ्याला एक हिशेब आहे. वाळल्या काडात कर्ब भरपूर, नत्र नावाला. गव्हाच्या काडात साधारण ऐंशीला एक असं प्रमाण पडतं. जिवाणूंना कर्ब लागतो तो मुख्यतः जाळायला आणि नत्र लागतं ते स्वतःचं अंग वाढवायला. तीसेक भाग कर्बाला एक भाग नत्र असलं की त्यांचं नीट चालतं. म्हणून शेण आणि मूत. नत्र कमी पडलं तर ढीग थंड बसून राहतो. जास्त झालं तर त्याचा अमोनिया होऊन उडून जातो, आणि हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही, नाकात झोंबतं. काम संपेपर्यंत प्रमाण दहाला एकाच्या आसपास येतं. मधला कर्ब जातो कुठे? हवेत. ढिगातल्या कोट्यवधी जिवांनी तो श्वासावाटे सोडलेला असतो. ढीग निम्म्यावर बसतो तो काही नुसता दबून नाही.

हा हिशेब इंदुरात मांडला गेला तो 1924 ते 1931 या काळात. इंग्लंडमधून आलेले वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड 1905पासून बिहारमधल्या पुसा इथे नोकरीला होते. तिथे त्यांना कंटाळा आला तो वनस्पतीचा एक तज्ज्ञ, मातीचा दुसरा, किडीचा तिसरा या वाटणीचा. पीक, बैल, माती, कीड हे सगळं एकमेकांत गुंतलेलं, मग अभ्यास तेवढा वेगवेगळ्या खोल्यांत का, हा त्यांचा सवाल. आपले गुरू म्हणून ते भारतीय शेतकरी आणि पिकांवरच्या किडी या दोघांची नावं घेत. इंदूरला होळकर दरबाराने 300 एकर जमीन दिली, कापूस समिती आणि मध्य भारतातल्या संस्थानांनी पैसा दिला आणि 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री' उभी राहिली. हॉवर्ड संचालक, पत्नी गॅब्रिएल स्वतः वनस्पतिशरीरशास्त्राच्या जाणकार आणि कामात बरोबरीच्या. आणि रसायनाची बाजू सांभाळणारे यशवंत वाड. 'द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ अ‍ॅग्रिकल्चर' हे 1931चं पुस्तक हॉवर्ड आणि वाड या दोघांच्या नावावर आहे. पुढे हॉवर्डना 'सर' मिळालं, सेंद्रिय शेतीचे जनक वगैरे म्हटलं गेलं. वाडांचं नाव मराठी माणसांनासुद्धा माहीत नसतं. मला हे खटकतं. नत्राचा ताळा जुळवल्याशिवाय हे सगळं नुसत्या चांगल्या कल्पनेवरच राहिलं असतं.

त्यांचे खड्डे 30 फूट लांब, 14 फूट रुंद आणि जेमतेम दोन-तीन फूट खोल असत. पावसाळ्यात खड्ड्यांत पाणी साचतं, म्हणून तेव्हा जमिनीवर ढीग. कपाशीच्या पऱ्हाट्या तेही रस्त्यावर टाकून गाड्यांच्या चाकांखाली ठेचून घेत. वहिनींनी ते पुस्तक पाहिलेलं नाही. रीत सासूकडून आली, सासूला कुठून आली ते कोणी विचारलं नाही. हॉवर्डनी शेतकऱ्यांकडून उचललेलं शेतकऱ्यांकडेच परत आलं असेल, किंवा कधी गेलंच नसेल.

आता ढिगाकडे. पहिल्या दोन-तीन दिवसांत वरून काही दिसत नाही. आत मात्र साध्या हवामानातले जिवाणू साखर, पिष्ट, कोवळा पाला असा सोपा घास संपवत असतात. खाताना ऊब निघते आणि ढीग इतका जाड असतो की ती बाहेर पडत नाही. चाळीस अंशांच्या पुढे याच जिवाणूंना तिथे राहवत नाही. त्यांनी स्वतःच तापवलेल्या घरातून ते जातात आणि उष्णतेत वाढणारे दुसरे येतात. म्हणजे आणावे लागत नाहीत, शेणात, मातीत, पाचोळ्यात ते आधीपासून असतात, फक्त त्यांच्या सोयीचं हवामान नव्हतं. वाड्यात एकाने बिऱ्हाड हलवायचं आणि त्याच्या धुराने काळ्या झालेल्या भिंती दुसऱ्याला आवडायच्या, असा प्रकार.

वहिनींचा तापमापक म्हणजे लोखंडी सळई. ती ढिगात खुपसून ठेवायची, चहा होईपर्यंत थांबायचं आणि उपसून मुठीत धरायची. धरवली नाही तर ठीक. साठ-पासष्ट अंशांपर्यंत ढीग तापतो. तणाचं बी, रोगाचे जंतू, माशांच्या अळ्या यांचा तिथे निकाल लागतो. मार्गशीर्षातल्या थंड सकाळी भोकांमधून वाफ निघत होती आणि गोठ्यातलं कुत्रं रात्रभर ढिगाला पाठ लावून झोपलेलं होतं. त्याने काढलेला निष्कर्ष बरोबर होता.

सत्तरच्या पुढे गेलं तर मात्र हे दुसरे भाडेकरूही मरायला लागतात. शिवाय आतली हवा संपते. हवा संपली की ज्यांना हवा नकोच असे जीव जोर धरतात आणि ढीग आंबतो, सडक्या अंड्याचा वास येतो. त्यासाठी उलथणं. हॉवर्ड-वाडांच्या रीतीत पहिली उलथणी साधारण दोन आठवड्यांनी, दुसरी महिन्याच्या सुमारास, तिसरी दोन महिन्यांनी. हे काम अंग मोडणारं आहे. दाताळ्याने बाहेरचं आत आणि आतलं बाहेर घ्यायचं, कोरडं दिसेल तिथे पाणी शिंपडायचं. मुठीत दाबून दोन-चार थेंब गळले तर ओल पुरेशी, धार लागली तर जास्त, मुंग्यांनी घर केलं असेल तर फारच कमी. पहिल्या उलथणीला थोडा माल दुसऱ्या चालू ढिगातून घेऊन मिसळावा, असं इंदूरच्या पुस्तकात आहे. बुरशीचं विरजण म्हणा.

पहिल्या उलथणीला ढिगाच्या कडेचा थर फोडला, तर राख सांडल्यासारखा पांढरट भुरका पट्टा निघाला. नवखा माणूस कीड लागली म्हणेल. ते तंतुजिवाणू, अ‍ॅक्टिनोमायसीट. दिसायला बुरशीसारखे, जातीने जिवाणू, आणि कठीण काडी फोडण्यात पटाईत. पहिल्या पावसाला मातीचा जो वास येतो तो मुख्यतः यांचाच. 1943मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत स्ट्रेप्टोमायसिन सापडलं ते याच गोतावळ्यातल्या एका जिवापासून. शेजाऱ्याला हटवण्यासाठी मातीत हे जीव जी रसायनं सोडतात, त्यांतलं एक क्षयावर चाललं.

दुसऱ्या उलथणीनंतर ढीग कोमट झाला आणि डोळ्यांना दिसणारी वस्ती सुरू झाली. सकाळी लांबट टोप्यांच्या भूछत्रांची रांग उगवे आणि दुपारपर्यंत तिची काळी शाई होऊन जाई. लाकडातला चिवट भाग, लिग्निन, हा बुरशीचा प्रांत. इतरांना तो पचत नाही. बुरशी खायला सूक्ष्म कोळी आणि टुणटुण उड्या मारणारे पांढरे कण, म्हणजे पंख नसलेले पुच्छपाद जीव. त्यांना खायला गोम. पाला कुरतडायला वाणी, हात लागला की पैशासारखे वेटोळे करणारे. काळ्या सैनिक माशीच्या जाड अळ्या ओल्या बाजूला. मग हे सगळं खायला सातभाई आले, कलकलाट करत, पाचोळा उडवत. पाठोपाठ दयाळ. एकदा मुंगसाने पायथा उकरून ठेवला, त्याला भुंगेऱ्यांच्या पांढऱ्या अळ्या हव्या होत्या. वहिनींना या अळ्यांचा संशय. उसा-भुईमुगाची मुळं खाणारी हुमणी हीच का? शेणात वाढणाऱ्या सगळ्याच अळ्या मुळांवर जात नाहीत, पण त्यांनी धोका पत्करला नाही, वेचून कोंबड्यांवाल्या शेजाऱ्याकडे पाठवल्या.

गांडुळं सर्वांत शेवटी, तीही न बोलावता. ढीग निवाला, काडी ओळखू येईनाशी झाली, तेव्हा खालच्या जमिनीतून वर चढली. गांडूळखताच्या जाहिरातींनी सगळं श्रेय त्यांना देऊन टाकलं आहे. खरं तर ती पंगतीच्या अखेरीला बसणारी, आधीच्यांनी मऊ करून ठेवलेल्यावर.

ढिगातून ज्यांना हाकलण्यासाठी हा उलथण्याचा खटाटोप, त्या हवा नको असणाऱ्या जिवांना शहराने मात्र मानाने बोलावून घेतलं आहे. इंदूर-नेमावर रस्त्यावर देवगुराडियाच्या टेकडीजवळ कचऱ्याचे डोंगर असत. तिथेच फेब्रुवारी 2022पासून रोज 550 टन ओला कचरा पचवायच्या क्षमतेचा गोबरधन प्रकल्प आहे. त्यातून दिवसाला 17 हजार किलो बायो-सीएनजी आणि 100 टन खत मिळावं अशी आखणी. बंद टाक्यांत मिथेन तयार करणारे प्राचीन जातीचे जीव काम करतात, त्यांना प्राणवायू म्हणजे विष. घरोघरी गाडी येते, गाणं लागतं, ओलं-सुकं वेगळं टाकलं जातं, तेव्हा त्या जिवांचं जेवण निवडलेलं असतं. प्लास्टिक आणि काच मिसळली की टाकीही बिघडते आणि खतही.

जीवशास्त्राच्या अंगाने शहराकडे बघणारा माणूसही इंदुराला हॉवर्डच्या आधीच भेटला होता. पॅट्रिक गेडीस, मूळचे प्राणी-वनस्पतींचे अभ्यासक. होळकरांसाठी नगररचनेचा अहवाल त्यांनी 1918मध्ये दिला. त्याआधी 1917च्या दिवाळीत मिरवणूक काढली, तिच्यात स्वच्छ कपड्यांत सजलेले सफाई कामगार होते आणि घाणीचा राक्षस व प्लेगचा उंदीर यांची सोंगं होती. मिरवणूक कुठल्या गल्लीतून जाणार, ते ती गल्ली किती झाडली-सावरली त्यावर ठरायचं. आज स्वच्छतेच्या पुरस्कारांच्या फलकांवर हे कुठे दिसत नाही.

हॉवर्ड-वाडांची जमीनही आता शहराने चहूबाजूंनी वेढली आहे. 1959मध्ये तिथे कृषी महाविद्यालय सुरू झालं. त्याआधी 1935मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी आलेल्या गांधीजींनी हॉवर्डची संस्था पाहिली आणि 'हरिजन'मधून इंदूर खताची माहिती वाचकांना दिली.

हॉवर्ड नंतर फारच पुढे गेले. मातीतलं ह्यूमस, म्हणजे कुजून मुरलेला अंश, चांगलं असेल तर पिकाला आणि गुराला रोगच होत नाही, इथपर्यंत. हे मला पटत नाही. उत्तम खतावरच्या टोमॅटोलाही विषाणू लागतो. पण मुळांवर राहून त्यांना स्फुरद पोचवणाऱ्या आणि बदल्यात साखर घेणाऱ्या बुरशीकडे त्यांनी 1940च्या पुस्तकात इतक्या आग्रहाने बोट दाखवलं, ते काळाच्या बरंच पुढे होतं.

माघाच्या सुरुवातीला ढीग काळाभोर, मोकळा, मातीच्या वासाचा झाला. भावाचं गणित सरळ आहे: एवढ्याशा खताने गव्हाचं रान भागत नाही, युरिया आणावाच लागतो. त्याचं खोटं नाही. इंदूर पद्धत बैलांच्या काळात बसलेली. संस्थेच्या गोठ्यातल्या जनावरांच्या शेण-मुतावर तिचा सगळा ताळमेळ. बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतली आणि शेणही घटलं. त्यात गव्हाचं भूस आता विकलं जातं, आणि जी विकली जात नाही ती नरवाई, म्हणजे कापणीनंतर उरलेली खुंटं, कित्येक शेतांत पेटवून देतात. वहिनींनी खत लसणाच्या आणि मिरचीच्या वाफ्यांपुरतं ठेवलं, एक पोतं मला दिलं. पुढचा ढीग कुठे लावायचा यावर दोघांचं अजून ठरलेलं नाही. भावाला तो रस्त्याकडेला हवा आहे, ट्रॉली लावायला सोपं. वहिनींना गोठ्यामागेच, मुताची माती डोक्यावरून किती लांब न्यायची म्हणून.